तिसऱ्या नंबरचा प्लग

१

गाडी कुठलीही असो, मी आधी प्लग काढतो. डॉक्टर आधी जीभ बाहेर काढायला सांगतो ना, तसंच. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर इंजिन सुखी. काळं, ओलं असेल तर पेट्रोल जास्त होतंय, पांढरंफटक असेल तर आत भट्टी पेटलीय. सत्तावीस वर्षं कैनाडच्या वळणावर गॅरेज चालवतोय. प्लग माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही, गिऱ्हाईक बोलतं.

आणि एवढं करूनही दोष सापडला नाही तर माझी दुसरी रीत अशी की जागा बदलून बघायची. पहिल्या सिलिंडरचा प्लग तिसऱ्यात, तिसऱ्याचा पहिल्यात. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग वाईट, जागेवरच राहिला तर इंजिनात शोधा. यात न समजण्यासारखं काही नाही. सातवी पास माणसाला समजतं.

मला सातवीत गणित शिकवलं ते हरिश्चंद्र राऊत मास्तरांनी, आणि त्यांच्या मते ते वाया गेलं. २०१८ च्या डिसेंबरात त्यांचा फोन आला. मुलीचं, नूतनचं, लग्न फेब्रुवारीत ठरलं होतं. लग्न तलासरीला, मुलाकडे. नूतन नवरी म्हणून कोसबाडच्या वाडीतून निघणार ती आईच्या गाडीतून, तेव्हा गाडी चालू करून दे, म्हणाले. विचारणं वगैरे मास्तरांच्या स्वभावात नाही.

आईची गाडी म्हणजे मास्तरांच्या पत्नी हिरकणीबाई ज्या गाडीतून त्या घरात नवरी म्हणून आल्या ती. बाटलीच्या हिरव्या रंगाची, चार सिलिंडरची, हँडल मारून चालू करायची विलायती गाडी. जिल्ह्यात तशी दुसरी नाही. तिची कंपनी माझ्या जन्माआधी बंद पडली, त्यामुळे सुट्या भागांसाठी मुंबईच्या जुन्या बाजारात लोकांच्या हातापाया पडावं लागतं. हिरकणीबाई जाऊन चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून गाडी शेडमधून हललेली नव्हती.

मला ते घर आवडायचं, खोटं कशाला सांगू. नूतन मला लहानपणापासून राखी बांधते. मी हो म्हणालो.

२

शेड चिकूच्या वाडीत, घराच्या मागे. त्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हलत होती. दोन-चार दिवसांआड धक्का बसायचा, लोक अंगणात ताडपत्र्या बांधून झोपायचे. शेडच्या मागच्या भिंतीलाही बोटभर तडा गेला होता. तडा गेला त्या भिंतीतच एक कोनाडा होता आणि कोनाड्यात तेलाचा दिवा जळत होता, भर सकाळी.

मी कार्बोरेटर उघडला तेव्हा आतलं जुनं पेट्रोल माझ्या हातावर सांडलं. जमिनीवर ओघळ गेला तो सरळ भिंतीकडे. दिव्यापासून मी दोन हातांवर होतो. अशा वेळी कोणताही मिस्त्री करेल तेच मी केलं. वळलो आणि फुंकर मारली.

दाराशी सुकी उभी होती. सुकी या वाडीत वीस वर्षं काम करते, चिकू काढण्यापासून घरातल्या दळणापर्यंत सगळं तिच्याकडे. रोज सकाळी तो दिवा लावायचं कामही तिचंच. ती म्हणाली, "दिवा फुंकून नाय इझवत, रघुभाऊ."

मी तिला पेट्रोलचा ओघळ दाखवला. तिने तो बघितला, मान हलवली. म्हणजे तिलाही पटलं होतं. तरी म्हणाली, "मला सांगायचा ना. मी उचलून नेला असता."

आमच्या घरीही आई हेच सांगायची, दिवा फुंकू नये. पण आईच्या देवघरात पेट्रोल नसायचं. मी सुकीला म्हटलं, आता परत लाव, मात्र घरात लाव. तिने त्या दिवशी चार वेळा लावला. वात बदलली, तेल बदललं, पण वात पेट धरेना. विझलेल्या वातीचा वास मात्र दिवसभर शेडमध्ये राहिला.

संध्याकाळपर्यंत मी चारही प्लग साफ केले आणि हँडल मारलं. गाडी तिसऱ्या फेऱ्याला चालू झाली. मास्तर पायरीवरून ऐकत होते. चूक काढली नाही, म्हणजे खूश होते.

३

दुसऱ्या दिवशी गाडी तीन सिलिंडरवर चालायला लागली.

चार सिलिंडरच्या गाडीचा एक मेला की आवाजावरून कळतं. धक्, धक्, धक्, आणि एक ठोका गाळलेला. पुन्हा तीन, पुन्हा एक गाळलेला. मी एकेक वायर काढून बघितली. तिसऱ्या नंबरची काढली तेव्हा आवाजात काडीचा फरक पडला नाही. म्हणजे मेलेला तोच. मी प्लग काढला. कोरा करकरीत, जणू आत काही जळलंच नव्हतं. ठीक आहे, म्हटलं, ठिणगी येत नसेल.

ठिणगी येत होती. चांगली निळी, टपोरी.

त्या दिवशी मी ठिणगी पाडणारे पॉइंट बदलले. पुढच्या दिवशी कंडेन्सर. मग कॉइल. मग मुंबईला जाऊन सगळ्या वायरी आणल्या. प्रत्येक वेळी तेच, तीन ठोके आणि एक गाळलेला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं माझं चाललं होतं, आणि म्हैस कुठे आहे तेच मला कळत नव्हतं. घाटावरच्या एका जुन्या गाड्यांच्या जाणकाराला फोन केला तर तो म्हणाला प्लग बदलून बघा. मी फोन ठेवला. जास्त वेळ बोललो असतो तर शिवी गेली असती.

जागा बदलून बघायची रीतही केली. तिसऱ्याचा प्लग पहिल्यात घातला, तो तिथे उत्तम चालला. पहिल्याचा चांगला प्लग तिसऱ्यात घातला, तो तिथे मेला. म्हणजे दोष जागेचा. मी हेड उघडलं, व्हॉल्व्ह बघितले, पिस्टन बघितला, रिंगा बघितल्या. सगळं ठाकठीक. पुन्हा बसवलं. तीन ठोके आणि एक गाळलेला.

आणि एक गोष्ट होती, ती मी आठवडाभर स्वतःलाही सांगितली नाही. सकाळी शेडमध्ये आल्या आल्या मी चारही प्लग काढून ट्रेमध्ये ओळीने ठेवायचो. गाडी आदल्या संध्याकाळपासून बंद असायची. जानेवारीची थंडी, पत्र्यावर दव. तीन प्लग बर्फासारखे गार असायचे आणि तिसऱ्या नंबरचा कोमट. चहाचा रिकामा कप थोडा वेळ असतो तेवढा.

मी म्हटलं, उन्हाची तिरीप पडत असेल. मग बघितलं, ऊन त्या बाजूला येतच नाही.

४

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तो एका सकाळी हाताला चटका बसेल इतका गरम लागला. मी तो चिमट्याने धरून बसवला. एवढं कळायला हवं होतं मला. पण तीन आठवडे एकाच बोल्टाशी झटापट करणाऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, आणि मला त्या गाडीचा खरोखर राग आला होता.

नूतन सुट्टी घेऊन घरी आली होती. ती म्हणाली, दादा, तू हँडल मार, मी आत बसून चोक धरते. ती बसली. मी हँडल मारलं. बॉनेटखालून खोकल्यासारखा आवाज आला आणि कार्बोरेटरमधून ज्वाळा उठली. बॉनेटच्या फटीतून ती मागे गेली, काचेपर्यंत. वारा नव्हता. पुढे मी उभा होतो, माझ्याकडे यायला ती मोकळी होती. ती मागे गेली, नूतन बसली होती तिकडे.

नूतनच्या बाजूचं दार अडकलं. जुन्या गाडीचं दार अडकतं, त्यात काही विशेष नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. त्या वेळी मात्र मी दुसऱ्या दारातून अर्धा आत जाऊन तिला दंडाला धरून बाहेर ओढत होतो आणि सुकी भिजवलेली गोणपाटं बॉनेटवर टाकत होती. मिनिटभरात आग विझली. माझ्या भुवया गेल्या, नूतनच्या ओढणीचं टोक गेलं.

मास्तर आले. त्यांनी आधी मुलीला बघितलं, मग गाडीला. मी सांगितलं, मास्तर, ही गाडी लग्नाला न्यायची नाही. ते म्हणाले, "रघ्या, तुला जमत नसेल तर तसं सांग. गाडीवर ढकलू नकोस."

सत्तावीस वर्षांत मला कोणी असं बोललं नव्हतं. मला इतकं लागलं की मी तिथेच हत्यारं गोळा करायला लागलो. नूतनने माझ्या हातातून पाना घेतला आणि परत ट्रेमध्ये ठेवला. "बाबांना आईला एकदा त्या गाडीत बघायचंय," ती हळूच म्हणाली. "माझ्या रूपात. त्यांना बोलता येत नाही, म्हणून असं बोलतात."

मग काय करणार? राहिलो.

५

दोन दिवसांनी भर दुपारी मी एकटाच शेडमध्ये होतो. सुकी जेवायला गेली होती, मास्तर झोपले होते. वाडीत पाखरांचाही आवाज नव्हता. मी तिसऱ्या नंबरचा प्लग काढला. गरम होता. मी ठरवलं, आज आत काय आहे ते बघितल्याशिवाय उठायचं नाही.

प्लगच्या भोकातून आत बघायला आम्ही लहान बॅटरी वापरतो. मी वाकलो, बॅटरी लावायला अंगठा बटणावर नेला आणि थांबलो. भोकात आधीच उजेड होता.

आरपार भेग असेल म्हणून मी डोळा आणखी जवळ नेला. खाली, पिस्टनच्या माथ्यावर, एक ज्योत होती. समईच्या वातीएवढी, पिवळी, स्थिर. तेल नाही, वात नाही. ती शांतपणे जळत होती, कोणीतरी रोज सांभाळत असल्यासारखी. मी किती वेळ बघत होतो सांगता येणार नाही. मग माझा श्वास बाहेर पडला आणि ती हलली. श्वासाने ज्योत पलीकडे वाकते. ही माझ्याकडे वाकली.

मी पुढे जे केलं ते भीतीने केलं की सवयीने, यावर मी बराच विचार केला आहे. प्लग बसवण्याआधी भोकातला कचरा काढायला प्रत्येक मिस्त्री तोंडाने फुंकर मारतो. हजारो वेळा मारली असेल मी. ओठ आपोआप पुढे झाले.

मी फुंकलं.

अंधार झाला. आणि फुंकर संपल्यावर माणूस श्वास घेतो, तसा मी घेतला. भोकातून वर आलेली ऊबदार हवा तोंडात आली आणि घशाखाली गेली. विझलेल्या वातीचा वास होता तिला.

मी खूप खोकलो, पाणी प्यायलो. अर्ध्या तासाने प्लगला हात लावला. तो गार होता. हँडल मारलं तर गाडी पहिल्या फेऱ्यात चालू झाली, चारही ठोके, शिलाई मशीनसारखी.

मास्तर डोळे चोळत बाहेर आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी लगेच उचलला. "तापलायस की रे," म्हणाले. "घरी जा."

६

ताप नव्हता. बायकोने, संगिताने, दोनदा मोजला.

घरी जाताना माझी मोटरसायकल रस्ताभर ठोके गाळत आली. पेट्रोलात भेसळ, म्हटलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधला पाण्याचा पंप तसाच करायला लागला. आठवडाभरात माझ्याकडे आलेली प्रत्येक गाडी मी हात लावेपर्यंत ठीक असायची. गिऱ्हाईक म्हणायचं, रघुभाई, आणली तेव्हा तर चांगली होती. मी चिडून त्यांनाच बोलायचो.

संगिता भाकरी करत होती, मी ताट घ्यायला आत गेलो. ती म्हणाली, "अहो, खिडकी लावा, ज्योत बघा कशी वाकतेय."

खिडकी बंद होती. गॅसची निळी ज्योत तव्याखालून माझ्या बाजूला आली होती. मी दुसऱ्या बाजूला गेलो, तीही आली. मी ताट न घेताच बाहेर आलो आणि तिला म्हटलं, भूक नाही. मला माझाच संताप आला. पन्नाशीला आलेला माणूस आणि गॅसच्या शेगडीला घाबरतोय.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी मास्तरांकडे जाऊन निक्षून सांगितलं की गाडी आता उत्तम चालतेय, पण ती न्यायची नाही. का, ते मला सांगता येईना. आग लागलेली गाडी आहे, पुन्हा लागली तर पोरगी आत असेल, एवढंच परत परत म्हणत राहिलो. शेवटी मी त्यांचे पाय धरले. मास्तर माझ्या जळलेल्या भुवयांकडे बघत म्हणाले, बरं. नूतनच्या भावाने, दीपेशने, मित्राची पांढरी डिझेल गाडी सांगून ठेवली.

मला हलकं वाटलं. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. तिथे तिसरा नंबर मरायचा प्रश्नच नाही.

नूतनने एकच अट घातली. "आईची गाडी नाही तर निदान चालवायला तरी रघुदादा पाहिजे."

मी हसून हो म्हणालो. खरंच हसलो. त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा.

७

लग्न दुपारचं. आम्ही सकाळी दहाला निघालो. मागे नूतन, हिरवा चुडा, पिवळी साडी, मांडीवर नारळ. माझ्या शेजारी दीपेश, फोनवर. संगिता घर बंद करून मागून स्कूटरने येणार होती. वाडीच्या फाटकात सुकीने गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

कोसबाडची टेकडी उतरेपर्यंत सगळं छान होतं. खाली सपाटीला आलो. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची शेतं, वाळलेलं गवत, पेंढ्याच्या उडव्या. मी चौथा गिअर टाकला आणि ऐकलं.

तीन ठोके. एक गाळलेला.

मी कान बंद करून उघडले. दीपेशने फोन खाली घेतला. "काय झालं गाडीला? कालच सर्व्हिस झालीय."

डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हे मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो. स्टिअरिंग हाताखाली गरम व्हायला लागलं. एसीच्या जाळीतून वास आला, विझलेल्या वातीचा. इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकत होता. आरशात नूतन दिसली, कपाळावरचा घाम मुंडावळ्या सांभाळत टिपणारी. म्हणाली, "दादा, एसी वाढव ना, किती गरम होतंय."

ती माझ्या अगदी मागे बसली होती.

गाडी नवी होती, इंधन दुसरं होतं, यंत्र दुसरं होतं. सगळं बदललं होतं. बदलला नव्हता तो मी एकटा. जागा बदलून बघायची रीत मी सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना शिकवली आणि स्वतः कुठल्या जागी उभा आहे ते कधी मोजलं नाही. मास्तर बरोबर म्हणाले होते, माझं गणित वायाच गेलं.

मी गाडी कडेला घेतली आणि उतरलो. दीपेश म्हणाला, "रघुभाई, मुहूर्ताला दीडच तास राहिलाय." मला तोंड उघडायची भीती वाटत होती. मी तोंड वळवून, शेताकडे बघून, एवढंच बोललो, "तू चालव. मागे बघू नको."

नूतन काच खाली करून हाक मारत होती. मी गाडीपासून लांब, उलट दिशेला चालत राहिलो. रस्त्याच्या मधोमध, गवतापासून दूर.

मागे गाडी चालू झाली. मी न वळता ऐकलं. पहिल्यांदा तीन ठोके आणि एक गाळलेला. थोडं अंतर पडलं, मग साडेतीनसारखं काहीतरी. मग वळणाच्या पलीकडून चार. चारही स्वच्छ. दूर जाईपर्यंत चार.

८

पुढे एका सुक्या ओढ्यावर मोरी लागते. मी खाली उतरलो आणि पात्रातल्या दगडांवर बसलो, कारण दगड पेटत नाहीत.

बारा वाजून गेल्यावर दीपेशचा फोन आला. अक्षता पडल्या, म्हणाला, गाडी नंतर लोण्यासारखी चालली, तुम्ही असे का उतरलात, ताई रागावलीय. मागे सनई ऐकू येत होती. मला रडू आलं, ते आनंदाचं होतं. पोरगी पोचली होती.

फोन ठेवला आणि मनगटावर दोन बोटं ठेवली. नाडी बघायला मला कोणी शिकवलेलं नाही, पण ठोके मोजणं माझा धंदा आहे. धक्, धक्, धक्. मी वाट बघितली. मग पुन्हा तीन.

श्वास मी नाकाने, अगदी हळू सोडत होतो. बुटाजवळ दगडाच्या फटीत गवताची एक वाळकी काडी होती. वारा नव्हता. ती माझ्याकडे वाकलेली होती.

तेवढ्यात वर रस्त्यावर स्कूटरचा आवाज आला. तो मी झोपेतही ओळखतो, महिन्यातून एकदा मीच ती स्कूटर उघडून बसवतो. उशिरा निघालेली संगिता येत होती. दीपेशने तिला फोन केला असणार, कारण मोरीजवळ येताच तिने वेग कमी केला आणि मला शोधायला लागली. मी उठून दोन्ही हातांनी जा, जा, असं खुणावलं. तिला वाटलं मी बोलावतोय. तिने स्कूटर पायवाटेवर घातली.

सुकीने सांगितलं होतं, दिवा उचलून न्यायचा असतो. तो मी नेला होता, नूतनपासून लांब नेला होता. नेऊन ठेवायचा कुठे, ते मी तिला विचारलं नव्हतं.

स्कूटर जवळ येत होती, आणि आता तिचा एक ठोका गळायला लागला होता.